शेवटच्या डब्याची पाटी

स्टेशनमास्तरांची बायको त्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं शहरात गेली, सासऱ्यांची औषधं आणायला. जाताना तिनं नवऱ्याला तीन वेळा बजावलं, "दाराला बाहेरून कडी घाला. ते ओरडले तरी घाला. पावणेअकराच्या गाडीनं मी येतेच आहे."

मास्तर हो म्हणाले. पण जन्मदात्याला कोंडून ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं. हल्ली सगळं विसरून कुठंही निघून जाणारे तात्या खुर्चीत बसून पेंगत होते. मास्तरांनी दार नुसतं लोटून घेतलं आणि पन्नास पावलांवरच्या स्टेशनात कामावर गेले.

स्टेशन म्हणजे एक फलाट, दोन रूळ, एक सिग्नलची खोली आणि मागे रेल्वेची तीन घरं. त्यातल्या दोन घरांना कुलूप. नव्वद वर्षांपूर्वी डोंगरातला दगड वाहून न्यायला ही लाइन टाकली होती. तेव्हा इथं कोळशाची इंजिनं पाणी प्यायला थांबायची, खाणीतली माणसं फलाटावर पथारी टाकून झोपायची आणि स्टेशनात बारा माणसं कामाला होती. मास्तरांचे वडील, म्हणजे तात्या, इथल्याच मास्तराच्या खुर्चीत सत्तावीस वर्षं बसले. पुढं खाण बंद पडली, दगडगाडी थांबली, माणसं पांगली. आता दिवसाला दोन पॅसेंजर आणि कधीमधी एखादी मालगाडी. बारा माणसांची तीन झाली होती. हे स्टेशन मोडून नुसता थांबा करणार, अशी कुणकुण दर वर्षी उठायची आणि दर वर्षी विरायची.

सकाळच्या पाळीला मास्तरांसोबत एकच माणूस असे, पॉइंट्समन. रुळांचे सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, ड्रायव्हरकडून गोळा घ्यायचा, ही त्याची कामं. सगळे त्याला 'घाई' म्हणत, कारण आयुष्यात त्याला कशाचीच घाई कधी झाली नव्हती.

आता हा गोळा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लाइन एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर गाठ यमाशी. म्हणून प्रत्येक स्टेशनात एक लाल लोखंडी यंत्र, आणि त्यात मुठीएवढे धातूचे गोळे. मागच्या स्टेशनानं पुढच्याची परवानगी घेऊन गोळा काढायचा आणि ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तो गोळा पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नाही. यंत्र मोठं शहाणं, पण त्याला एक गोष्ट कळत नाही. गाडी सगळी आली की तिचे मागचे चार डबे वाटेतच राहिले, हे त्याला दिसत नाही. ते माणसानं पाहायचं. शेवटच्या डब्याच्या मागे एक पाटी टांगलेली असते. ती पाटी डोळ्यांनी पाहायची आणि मगच गोळा यंत्रात टाकायचा. मास्तरांनी चोवीस वर्षांत ही पाटी हजारो वेळा पाहिली होती.

त्या दिवशी दहा वाजून एकवीस मिनिटांनी मालगाडी आली. बेचाळीस बंद डबे. ती इथं थांबणार नव्हती, वेग जरा कमी करून निघून जाणार होती. घाई फलाटाच्या पुढच्या टोकाला उभा होता. ड्रायव्हरनं गोळ्याची चामडी पिशवी अडकवलेली कडी खाली टाकली, घाईनं पुढच्या टप्प्याच्या गोळ्याची कडी वर दिली. मास्तर खोलीच्या दारात हिरवी झेंडी धरून उभे होते. अर्धी गाडी गेली असेल, तेवढ्यात त्यांना तात्या दिसले.

तात्या फलाटाच्या मागच्या टोकाला होते. खाली लेंगा आणि वर कामावरचा जुना काळा कोट. फलाटाच्या अगदी कडेला उभे राहून ते धावत्या डब्यांकडे बोट करत होते, ओठ हलत होते. कोटाची बाही डब्यांपासून वीतभर अंतरावर फडफडत होती.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारली तर दचकून पुढं पाऊल टाकतील, म्हणून त्यांनी हाक मारली नाही. पळत गेले, मागून दोन्ही हातांनी कव घातली आणि म्हाताऱ्याला गर्रकन फिरवून भिंतीशी नेलं. पाठीमागे चाकं खडखडत होती. खडखड कमी झाली, थांबली. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचं कपाळ तात्यांच्या खांद्यावर टेकलेलं होतं.

"सोड रे," तात्या म्हणाले. "ड्युटीवर असा अंगचटीला येऊ नये."

मास्तरांनी त्यांना धरून खोलीत आणलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. घाई गोळ्याची पिशवी घेऊन आला. तिची शिवण उसवली होती, गोळा गवतात घरंगळला होता आणि तो शोधायला घाई वाकला होता. मास्तरांनी गोळा घेतला, यंत्रात टाकला, दांडा फिरवला आणि मागच्या स्टेशनाला गाडी पोचल्याची घंटी दिली. हाताला सवय होती, हातानं केलं. लगेच मागच्या स्टेशनानं पॅसेंजरसाठी परवानगी मागितली. मास्तरांनी तीही दिली.

मग ते नोंदवही उघडून बसले. गाडीचा नंबर लिहिला, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता, शेवटचा डबा पाहिला का. तिथं पेन थांबलं.

"घाई," त्यांनी हळूच विचारलं, "पाटी पाहिलीस ना?"

"कुणाची?"

"मालगाडीची. शेवटच्या डब्याची."

घाईनं डोकं खाजवलं. "मी गोळा शोधत होतो साहेब. तुम्ही होतात ना फलाटावर."

मास्तरांनी आठवून पाहिलं. डबे आठवले, कोट आठवला, भिंतीचा पिवळा रंग आठवला. पाटी काही आठवेना.

"पाटी नव्हती," बाकावरून तात्या म्हणाले.

दोघांनीही वळून पाहिलं. तात्या शांतपणे पाणी पीत होते.

"काय म्हणालात?"

"पाटी नव्हती. मी पाहत होतो ना. एकोणचाळीस डबे मोजले. पाटी आलीच नाही."

मास्तरांनी गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसचा निरोप लिहिलेला कागद ओढला. बेचाळीस. बेचाळीसातून एकोणचाळीस गेले, उरले तीन. ते तात्यांच्या पुढ्यात जाऊन उकिडवे बसले.

"तात्या, कुठल्या गाडीचं सांगताय?"

"दगडगाडीचं. दुसरी गाडी कुठली येणार आहे?"

दगडगाडी बंद होऊन एकोणीस वर्षं झाली होती. आणि तात्यांच्या काळात एकदा खरंच तसं घडलं होतं. चढावरच्या खिंडीत दगडगाडीची साखळी तुटून तीन डबे मागे राहिले होते. तात्यांनी ते वेळेवर ओळखलं आणि मागची गाडी थांबवली. ही गोष्ट मास्तरांनी लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. म्हातारा आजचं सांगतोय की तेव्हाचं, हे ओळखायचं कसं? काल संध्याकाळी तात्यांनी स्वतःच्या मुलाला 'नवीन साहेब' म्हणून हाक मारली होती. पण डबे मोजण्यात ते आयुष्यात कधी चुकले नव्हते.

"हल्ली असं होत नाही साहेब," घाई म्हणाला. "हवेचे ब्रेक आहेत. साखळी सुटली की हवा जाते, सगळी गाडी जागच्या जागी थांबते. ड्रायव्हरला कळल्याशिवाय राहील का?"

हे मास्तरांनाही माहीत होतं. पण होत नाही म्हणून पाटी बघायची नाही, असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. शिवाय जिच्यासाठी परवानगी दिली ती पॅसेंजर होती. तिच्यात दोनशे माणसं होती. त्यांत त्यांची बायकोही.

त्यांनी मागच्या स्टेशनाला फोन लावला. तिथला मास्तर त्यांच्यासोबतच नोकरीला लागलेला.

"पॅसेंजर थांबव."

"थांबव? अरे, दोन मिनिटं झाली सुटून. का, काय झालं?"

"वॉकीटॉकीवर ड्रायव्हर मिळतोय का बघ."

"वळणापलीकडे गेली की काही लागत नाही, तुला माहितीय. झालं काय ते तरी सांग."

"नंतर सांगतो," म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

दहा तेहतीस. पुढचं स्टेशन गाठायला मालगाडीला अजून दहा मिनिटं लागणार होती. तिथला मास्तर पाटी पाहील आणि सगळा उलगडा होईल. पण दहा मिनिटांत पॅसेंजर खिंडीच्या तोंडाशी येणार. खिंडीत वळण असं, की तीस पावलांपलीकडचं दिसत नाही.

मधे एकच माणूस होतं. मागच्या स्टेशनापासून पाच किलोमीटरवर एक फाटक होतं आणि फाटकावर एक बाई. नवऱ्याच्या मागे त्याच्या जागी नोकरीला लागलेली, सात वर्षं झालेली. मास्तरांनी फाटकाच्या फोनचा दांडा फिरवला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना.

"फाटक लावायला गेली असेल," घाई म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात घाई होती.

पुन्हा फिरवला. पुन्हा नुसती घंटी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एरवी डोळ्यांना हलताना दिसत नसे, आज चांगला चालत होता. तिसऱ्यांदा फिरवल्यावर पलीकडून धापा टाकत आवाज आला.

"फाटक बंद आहे साहेब. बोला."

"ताई, मालगाडी गेली तेव्हा शेवटच्या डब्याची पाटी पाहिली होती?"

"पाहिली की. माझ्यापर्यंत होती पाटी. का हो?"

म्हणजे फाटकापर्यंत गाडी शाबूत होती. उरले मधले सहा किलोमीटर, आणि खिंड त्यांतच.

"साहेब? बोला लवकर, हॉर्न ऐकू येतोय."

त्या क्षणी मास्तरांच्या मनात जे आलं, ते त्यांनी पुढं कधी कुणाला धड सांगितलं नाही. गाडी थांबवली आणि लाइन मोकळी निघाली तर प्रश्न येणार, थांबवली का? मग सांगावं लागणार, की पाटी न बघताच मी गाडी पोचल्याची घंटी दिली. चोवीस वर्षांच्या नोकरीवर पाणी. आणि नाही थांबवली, तर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीच होणार नाही. पंचेचाळीसला गाडी येईल, बायको उतरेल, वहीत 'पाहिला' लिहायचं आणि विसरून जायचं.

"ताई, अडव," ते म्हणाले. "लाल झेंडी घेऊन धाव. रुळावर इशाऱ्याचे फटाके लाव. अडव तिला."

फोन न ठेवताच ती पळाली. टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मग चपला, मग काही नाही. मास्तर रिसीव्हर कानाला लावून उभे राहिले. लांबून हॉर्न ऐकू आला, मग आणखी जवळून, लांबलचक. मग दोन बार झाले. मग चाकांचं किंचाळणं. ते इतका वेळ चाललं, की मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"थांबली," बाई फोनवर म्हणाली. तिला दम लागला होता. "फाटकापुढं चार डबे गेले, पण थांबली. ड्रायव्हर खवळलाय."

मास्तर खाली बसले. ड्रायव्हर फोनवर आल्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. ड्रायव्हर म्हणाला, "बरं. माणसाच्या चालीनं येतो. खिंडीत माझा असिस्टंट झेंडी घेऊन पुढं चालेल." त्यानंतर मास्तरांनी कंट्रोलला फोन करून तेच सांगितलं. तिथला साहेब म्हणाला, "म्हणजे न बघता दिली घंटी?" मास्तर म्हणाले, "हो." पलीकडे पेनाचा आवाज झाला.

दहा चव्वेचाळीसला पुढच्या स्टेशनाची घंटी वाजली. मास्तरांनी फोन उचलला.

"तुझी मालगाडी आली रे. बेचाळीस डबे, पाटी जागेवर. काय गोंधळ आहे? कंट्रोलवाला ओरडतोय."

"काही नाही," मास्तर म्हणाले. "सगळं ठीक आहे."

खरंच सगळं ठीक होतं. खिंडीत काहीही नव्हतं. छातीवरचा दगड उतरला आणि लगेच त्याच जागी दुसरा येऊन बसला. तिकडे पॅसेंजर मोकळ्या रुळांवरून, माणसाच्या चालीनं, डोळ्यांत तेल घालून येत होती, आणि तिला हे कळवायला वाटेत फोन नव्हता.

"गाय लिहा साहेब," घाई कानाशी येऊन म्हणाला. "गाय आडवी आली म्हणून थांबवली. गाईला कोण विचारायला जातंय? कंट्रोलला म्हणावं, घाबरून बोललो."

मास्तरांनी पेन उचललं. शेवटचा डबा पाहिला का, त्या रकान्यात त्यांनी लिहिलं : नाही. खाली सही केली.

पॅसेंजर अकरा वाजून पन्नास मिनिटांनी आली. लोक खिडक्यांतून डोकावत होते. एक बाई दारातूनच बोलायला लागली, तिच्या मुलीची मुलाखत बाराला होती आणि आता ती हुकणार होती. मास्तर तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. दुसरं काय करणार? ड्रायव्हरनं गोळा दिला आणि विचारलं, "काय होतं शेवटी?"

"काही नव्हतं."

"बरं झालं," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता.

बायको औषधांची पिशवी घेऊन उतरली. खोलीत सासऱ्यांना काळ्या कोटात पाहिल्यावर तिला निम्मं कळलं, नवऱ्याच्या चेहऱ्यावरून उरलेलं.

"कडी घातली नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

त्यापुढं ती त्यांना एक शब्द बोलली नाही. सासऱ्यांना हाताला धरून घरी घेऊन गेली. मास्तरांना वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पाळी संपवून ते घरी गेले, तेव्हा ती भाजी निवडत होती. तात्या पलीकडे झोपले होते.

"मी त्यांना विचारलं," ती म्हणाली. "म्हटलं, एकोणचाळीसच कसे मोजलेत? तर म्हणाले, पुढचे मोजू दिले नाहीत. कुणीतरी मागून येऊन मला फिरवलं."

म्हातारा चुकला नव्हता. एकोणचाळीस डबे त्यानं बरोबर मोजले होते आणि पाटीही त्याला दिसली नव्हती. राहिलेले तीन डबे आणि ती पाटी मास्तरांनीच त्याच्या डोळ्यांपुढून काढून घेतली होती.

"आजची गोष्ट त्यांना संध्याकाळपर्यंत आठवत होती?"

"दुपारपर्यंत. आता नाही आठवणार."

आठ दिवस मास्तरांना झोप लागली नाही. कामावरून त्यांना काढलं नव्हतं, पण बदलीचा माणूस येऊन खुर्चीत बसला होता आणि हे शेजारच्या बाकावर. गाडी आली की हे उठून उभे राहत, पाटी बघत आणि पुन्हा बसत. कुणी विचारत नसताना.

नवव्या दिवशी चौकशीला दोन साहेब आले. वेटिंग रूममध्ये टेबल टाकलं. घाईला विचारलं, तो खरं तेच बोलला, फक्त फार सावकाश. फाटकवाल्या बाईला बोलावलं. ती म्हणाली, "मी विचारलं, बोला लवकर. ते म्हणाले, अडव. मी अडवली. माणूस घाबरलेला होता, पण अडव म्हणताना आवाज घाबरलेला नव्हता, एवढं मी सांगते."

मग मास्तरांची पाळी आली. थोरल्या साहेबानं कागद चाळले.

"गाडीत तुमची बायको होती."

"होती."

"ती नसती तर थांबवली असती?"

घाईनं खिडकीबाहेरून मान पुढं केली. हाच प्रश्न मास्तर आठ रात्री स्वतःला विचारत होते.

"माहीत नाही साहेब," ते म्हणाले. "थांबवली असती असं वाटतं. पण शपथेवर नाही सांगता येणार."

साहेबानं चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "पाटी न बघता घंटी दिलीत, ती चूक तुमची. गाडी थांबवलीत, ती चूक नाही. दोन्ही लिहिणार आहे."

महिन्याभरानं हुकूम आला. मास्तरांना दोन वर्षं यंत्राजवळ बसता येणार नाही. मोठ्या स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर बदली. रेल्वेचं घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं. फाटकवाल्या बाईला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते तिनं फाटकाच्या खोलीत फोनच्या वर लावलं, आणि घाई गावभर सांगत सुटला की त्यावर तिच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय.

सामान बांधून झालं. तात्यांना घराबाहेर काढायचं कसं, याचा मास्तरांना घोर होता. हा माणूस एकोणपन्नास वर्षं याच भिंतींत राहिलेला. शेवटी ते त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"तात्या, आपली बदली झालीय. उद्या निघायचं."

तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "चार्ज कुणाला दिलास?"

"नवीन मास्तर आलाय. तरुण आहे."

"सगळं समजावलंस नीट?"

"समजावलं."

"सही घेतलीस?"

"घेतली."

"मग चल," तात्या म्हणाले, आणि जोडे शोधायला लागले. निघायला अजून अख्खा दिवस होता. तरी मास्तरांनी खाली वाकून वडिलांच्या पायांत जोडे घातले, आणि दोघं जण बांधलेल्या सामानाशेजारी बसून राहिले.